हवाकाकांच्या घरची गळती

सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरायची, ती पाण्याच्या घमेल्यात बुडवायची आणि बुडबुडे कुठून येतात ते बघायचं, यात हवाकाकांचं निम्मं आयुष्य गेलं. उरलेलं निम्मं त्या जागेवर ठिगळ लावण्यात. ते गिऱ्हाइकांना म्हणायचे, "धंदा माझा पाण्यात पाहण्याचा, पण माणसाला मी कधी पाण्यात पाहिलं नाही." हे वाक्य घरी म्हटलं की काकू, म्हणजे त्यांची बायको, स्वयंपाकघरातून नुसती खाकरायची. त्या खाकरण्यात एका माणसाचं नाव असायचं आणि तो माणूस भिंतीपलीकडे राहायचा.

तो माणूस म्हणजे काकांचा सख्खा थोरला भाऊ. त्याच्याकडे आपण येऊच, आधी काकांचं दुकान बघू.

दुकान कसलं, राहत्या इमारतीच्याच जिन्याखालची तिरकी जागा. उभं राहिलं तर डोकं आपटायचं, म्हणून काका बसूनच असत. भिंतीला खिळ्यांवर पाने टांगलेले, कोपऱ्यात उभा पंप, मधोमध घमेलं. काकांचा कान मात्र असा तयार की ट्यूब पाण्यात घालायच्या आधीच, सुस्काऱ्याच्या आवाजावरून ते सांगत, हे खिळ्याचं भोक आहे की काचेचं. मुलं हवा भरायला येत, दमडी न देता पळत, आणि हवाकाका हे नाव त्यांनीच पाडलं होतं. पुढे मोठी माणसंही हवाकाका म्हणू लागली आणि खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं.

मग ट्यूब नसलेले टायर आले. पेट्रोल पंपावर यंत्रातून फुकट हवा मिळू लागली. हवाच फुकट झाल्यावर हवावाल्याला कोण विचारतो? दुपारच्या दुपार काका घमेल्यातल्या पाण्यात स्वतःचंच तोंड बघत बसू लागले. माशा मारायची वेळ आली, आणि जिन्याखाली माशासुद्धा फारशा येत नसत.

अशात एक दिवस काकूने वर्तमानपत्राची घडी त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. म्हणाली, "वाचा. तुमच्यासाठीच छापलंय."

नगरपालिकेची जाहिरात होती. त्या गावात हिवाळा कडक. घराघरात हीटर दिवसभर लाल होऊन बसलेले, आणि तरी माणसं घरात स्वेटर घालून. पालिकेच्या लोकांनी अभ्यास केला तेव्हा कळलं की हीटरमध्ये दोष नाही, घरांत आहे. खिडकीच्या चौकटीभोवती, दाराच्या खाली, नळ जिथे भिंतीत शिरतात तिथे, स्विचच्या डब्यांमागे, जिकडेतिकडे फटी. विकत घेतलेली ऊब त्यातून रस्त्यावर जात होती. म्हणून पालिकेने नियम केला: आधी फटी बुजवा, मग घर तापवायची नवी यंत्रं मागा. आणि फटी शोधून बुजवणारी माणसं हवी होती. शिक्षण पालिका देणार.

काका गेले. वर्गात सगळी पोरंसोरं, आणि शिकवणाऱ्या मॅडम तर काकांच्या लेकीच्या वयाच्या. मॅडमनी एका घराच्या दारात लाल कापडाची चौकट घट्ट बसवली. त्या कापडात एक मोठा पंखा होता. तो चालू केला की घरातली हवा बाहेर ओढली जायची, आणि मग प्रत्येक फटीतून बाहेरचा वारा आत घुसायचा. पंख्याशेजारी एका छोट्या यंत्रावर आकडा दिसे. तो पन्नासवर आणून ठेवायचा, म्हणजे आतला आणि बाहेरचा दाब यांत तेवढाच फरक. पन्नास टिकवायला पंख्याला जितकी हवा ओढावी लागेल, तितकं ते घर गळकं.

पोरं वहीत उतरवून घेत होती. काका मात्र मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हणजे घर हीच ट्यूब. फक्त आपण हवा भरत नाही, काढतोय."

मॅडम हसल्या. "बरोबर. तुम्ही आधी काय करत होता?"

"हेच," काका म्हणाले.

आता घर काही घमेल्यात बुडवता येत नाही. मॅडम म्हणाल्या, बुडबुड्यांऐवजी धूर वापरा, ओला हात फिरवा, काहीही हलकं धरा. काकांनी कबुतराचं एक पीस दोऱ्याला बांधलं. पंखा चालू असताना ते पीस भिंतीकडेने फिरवायचं. जिथे ते आत उडालं, तिथे फट. मग तिथे रबराची पट्टी, नाहीतर पिचकारीतून फुगणारा फेस. फेस सुकला की दगड.

काकांना पुन्हा पंख फुटले. रोज नवं घर, नवं भोक. एका घरात कैलासवासी सासूबाईंचा फोटो थंडीत भिंतीवर आपोआप हलायचा आणि जावई त्या खोलीत पाऊल ठेवत नसे. काकांनी फोटो उतरवला तर मागे जुन्या नळाचं भोक, थेट गल्लीत उघडणारं. ते बुजवलं, सासूबाई शांत झाल्या, जावई त्याच खोलीत दुपारी घोरू लागला. दुसऱ्या एका बाईने दाराला पट्टी बसवल्यावर चार दिवसांनी तक्रार केली की घर उबदार झालं ते ठीक, पण आता जिन्यात कोण काय बोलतं ते काही ऐकूच येत नाही. काका घरी येऊन काकूला हे सांगताना इतके हसले की त्यांना ठसका लागला. काकू हसली नाही. ती काकांच्या ताटात वाढत राहिली आणि म्हणाली, बिचारीचं बरोबर आहे.

तेव्हा काकांच्या काही लक्षात आलं नाही.

आता भिंतीपलीकडच्या माणसाकडे येऊ. थोरले भाऊ बस चालवायचे, आता निवृत्त. दोघा भावांनी एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, लागून लागून घरं घेतली होती, की सणावाराला एक दार उघडं टाकलं की दुसरं घर आपलंच. आणि हे सगळं एका ठिगळापायी बंद झालं.

झालं असं. थोरल्यांच्या स्कूटरचं मागचं चाक एकदा वाटेत बसलं. जवळच दुसऱ्या कुणाचं दुकान होतं, तिथे त्यांनी पंक्चर काढून घेतलं. पुढे कधीतरी तेच चाक काकांच्या हाती आलं. काकांनी ट्यूब बाहेर काढली आणि त्यांना ते दिसलं. परक्या हाताचं ठिगळ. कडा नीट न कापलेलं, सोल्यूशन बाहेर ओघळलेलं. आपल्या सख्ख्या भावाच्या चाकात. काका म्हणाले, दादा, मला एक हाक मारली असतीस तर पाना घेऊन धावत आलो असतो. थोरले म्हणाले, पंक्चर ते पंक्चर, त्यात नातं कुठून आलं? काका म्हणाले, माझ्या धंद्यात सगळं नातंच आहे. शब्दाने शब्द वाढला. थोरल्यांनी स्कूटर ढकलत नेली आणि त्यानंतर दोघं भाऊ जिन्यात समोरासमोर आले तरी एकमेकांच्या चपलांकडे बघत निघून जात. बायकांनाही मग नवऱ्यांच्या मानापायी एकमेकींच्या दारात जाणं अवघड झालं. निदान काकांना तरी तसं वाटत होतं.

तर पालिकेची योजना फिरत फिरत काकांच्या इमारतीपर्यंत आली. नियम सरळ होता. इमारतीतलं प्रत्येक घर गळतीच्या परीक्षेत पास झालं, तर गच्चीवर एक मोठं यंत्र बसणार. बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घेऊन ते सगळ्या घरांना गरम पाणी देणार आणि खोल्याही तापवणार, जुन्या हीटरच्या तुलनेत थोडक्या विजेत. एक घर जरी नापास झालं तरी यंत्र दुसऱ्या इमारतीला जाणार आणि यांची पाळी पुढच्या हिवाळ्यानंतर. कारण गळक्या घरांसाठी यंत्र बसवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

इमारतीचं काम अर्थात हवाकाकांकडे आलं. घरचंच कार्य. वरच्या मजल्यावर एक शिंपीणबाई राहायची. थंडीत तिची बोटं आखडत, हातमोजे घालून तिला सुई धरता येत नसे आणि काढून धरवत नसे. ती म्हणाली, काका, यंदा यंत्र आणा, तुम्हाला जन्मभर पुरतील एवढे शर्ट फुकट शिवून देते. काका म्हणाले, माप घ्यायला लागा.

त्यांनी खालपासून वरपर्यंत घरं पिंजून काढली. थोरल्यांच्या घरी स्वतः गेले नाहीत, तिथे हाताखालच्या माणसाला पाठवलं. आणि परीक्षेच्या दिवशी मॅडम पंखा घेऊन आल्या. घरं एकामागून एक पास होत गेली. शिंपीणबाईचं घर तर असं घट्ट निघालं की मॅडमनी आकडा दोनदा बघितला.

सगळ्या इमारतीत दोनच घरं नापास झाली. एक थोरल्यांचं आणि दुसरं हवाकाकांचं.

जिन्यात जमलेल्या लोकांनी आधी सुतकी चेहरे केले, मग त्यांना हसू आवरेना. शिंपीणबाई म्हणाली, "काका, दिव्याखाली अंधार ऐकलं होतं. इथे तर दिव्याखाली वारा आहे." काका हसले, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मॅडम म्हणाल्या, आठवड्याने फेरतपासणी करू. तोवर सापडलं तर ठीक, नाहीतर नियम नियम आहे.

काका त्याच संध्याकाळी कामाला लागले. खिडक्या पुन्हा तपासल्या, दाराची पट्टी बदलली, न्हाणीघरातला नळ उपटून पुन्हा बसवला. मॅडमकडून पंखा मागून आणला आणि पीस घेऊन घरभर फिरले. पीस कुठेच हलेना, गळतीचा आकडा मात्र उतरेना. स्वयंपाकघराशी आले की काकू आडवी यायची. आत्ताच पुसून घेतलंय. आत्ता दूध उतू जाईल. त्या फळीला हात लावू नका, डबे मी नीट लावलेत. काकांना वाटलं, हिला माझ्या नापास होण्याची लाज वाटते आहे, म्हणून चिडचिड करते. एकदा मात्र त्यांनी नाक वर केलं. पंखा चालू होता आणि स्वयंपाकघरात लसूण परतल्याचा खमंग वास सुटला होता. शेगडी तर बंद होती. काका काकूला म्हणाले, अगं, वास कसला? ती म्हणाली, भुकेचा. जेवायला बसा.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी काकू दळण आणायला बाहेर गेली आणि काका मोकळ्या स्वयंपाकघरात शिरले. पंखा लावला नाही. जुन्या सवयीने त्यांनी डोळे मिटले, डब्यांच्या फळीला कान लावला आणि सुस्कारा ऐकू येतो का ते बघू लागले. ट्यूब बोलते, तसं घरही बोलेल.

आणि घर बोललं. चहापत्तीच्या डब्यामागून स्पष्ट आवाज आला, "अगं, जेवलीस का?"

काका दचकून मागे सरकले ते थेट पिठाच्या डब्यावर बसले. भिंतीला कान असतात हे त्यांनी ऐकलं होतं. तोंड असतं हे कुणी सांगितलं नव्हतं. डब्यामागचा आवाज पुन्हा म्हणाला, "आज भेंडी केलीय, मऊ झाली जरा. ऐकतेस ना? आणि धाकट्यांचं झालं का काही? हे सारखे विचारतायत."

वहिनीचा आवाज. काकांनी चहापत्तीचा डबा हळूच बाजूला केला. मागे भिंतीत मूठ जाईल एवढं गोल भोक होतं. फार पूर्वी दोन्ही घरांना मिळून एकच नळ होता, तो काढला तेव्हाचं. कडा हात लागून लागून गुळगुळीत झालेल्या. पलीकडून उजेड येत होता आणि लसणाचा वास. काका मूग गिळून बसले. वहिनी थोडा वेळ थांबली, मग "गेली वाटतं दळणाला" असं स्वतःशीच म्हणून पलीकडचा डबा सरकवून निघून गेली.

काकू परतली तेव्हा नवरा पिठाच्या डब्यावर आणि चहापत्तीचा डबा नवऱ्याच्या मांडीवर. तिने पिशवी खाली ठेवली. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"कधीपासून?" काकांनी विचारलं.

"तुमचं ठिगळावरून वाजलं तेव्हापासून," ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. दारातून जायचं तर तुमचा मान आडवा येतो, म्हणून आम्ही भिंतीतून जायला लागलो. सकाळी चहा झाल्यावर, दुपारी जेवण झाल्यावर. सुईदोरा इकडून तिकडे गेला, लिंबू तिकडून इकडे आलं. तुम्ही तापाने पडला होतात तेव्हा डॉक्टरचा नंबर इथूनच आला, आणि तुम्हाला वाटलं मी शोधून काढला. लेकीचं लग्न ठरलं ते पलीकडे ताईंना इथूनच आधी कळलं. आणि दादा रोज संध्याकाळी ताईंना विचारतात, धाकट्याच्या दुकानात आज कुणी आलं होतं का. वर्तमानपत्रातली ती जाहिरातसुद्धा, काकू म्हणाली आणि थांबली.

"ती काय?"

"ती तुम्हाला काय वाटलं, मी वाचली? मी फक्त भरतकामाचं पान बघते. दादांनी कापून दिली. गुंडाळी करून भोकातून आली, मग मी आपल्या पेपरात घडी घालून ठेवली."

काकांनी भोकाच्या गुळगुळीत कडेवरून बोट फिरवलं. नवा धंदा, नवं आयुष्य, या एवढ्याशा भोकातून गुंडाळी होऊन आलं होतं. फेसाची पिचकारी शेजारीच पडली होती. एक दाब दिला की काम फत्ते. घर पास, इमारत पास, शिंपीणबाईची बोटं मोकळी. काकांनी पिचकारी उचलली, भोकाशी नेली आणि परत खाली ठेवली. काकू म्हणाली, "बुजवा ना. मी नाही अडवत. वरच्या बाईंची बोटं मलाही दिसतात. फक्त मग रोज दादांशी जाऊन बोलायचं काम तुमचं."

काकांनी एक तोड सुचवली. बूच करून देतो, परीक्षेपुरतं लावायचं आणि नंतर काढायचं. पण म्हणता म्हणताच त्यांना ते पचेना. मॅडमचा नियम होता, हाताने निघेल असं बूच धरत नाहीत. आणि नियम नसता तरी गिऱ्हाईक कोपऱ्यावर जाईपर्यंतच टिकणारं ठिगळ त्यांनी उभ्या जन्मात लावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते मॅडमच्या कचेरीत गेले आणि सगळं सांगून टाकलं, ठिगळापासून लसणापर्यंत. मॅडम ऐकता ऐकता इतक्या हसल्या की शेजारच्या टेबलावरचे लोक बघू लागले. मग त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "काका, त्या भोकातून हवा जाते कुठे?"

"दादाच्या घरात."

"म्हणजे रस्त्यावर जात नाही. ऊब वाया जात नाही. पण पंख्याला काय माहीत हवा गल्लीतली की जावेच्या घरातली? एकाच घरातली हवा ओढली तर तो ती धरणारच." त्यांनी कागदावर दोन चौकोन शेजारी शेजारी काढले आणि मधल्या रेघेत एक ठिपका दिला. "आता सांगा, दोन्ही घरांना एकदम पंखे लावले, आणि दोन्हीकडे दाब अगदी सारखा ठेवला, तर या ठिपक्यातून हवा कुठे जाईल?"

काकांनी कागदाकडे बघितलं. दोन ट्यूब, सारखी हवा, मधे एक भोक. इकडची तिकडे कशाला जाईल? तिकडचीही इकडे कशाला येईल?

"कुठेच नाही," ते म्हणाले. "भोक असून भोक नाही."

मॅडम म्हणाल्या, नियमांत तशी सोय आहे. लागून असलेली दोन घरं मालकांची तयारी असेल तर एकच घर म्हणून तपासता येतात. मधल्या भिंतीचा हिशेब मग कुणी विचारत नाही. अट एकच, दोन्ही आकडे बरोबरीने पन्नासवर उभे राहिले पाहिजेत. मी बाहेर दोन पंख्यांच्या मधे उभी राहणार. आत प्रत्येक घरात एक जण बटण फिरवायला हवा. तुमच्या घरात तुम्ही. त्या घरात कोण?

काका त्या कागदाची घडी घालू लागले. मॅडम समजल्या. थोरल्यांकडे त्या स्वतःच गेल्या, चौकोन काढून समजावलं. थोरल्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्याला चालणार आहे का?" मॅडम हो म्हणाल्या. थोरल्यांनी सही केली.

फेरतपासणीच्या दिवशी जिना माणसांनी भरला. दोन दारांत दोन लाल कापडं, दोन पंखे. पंखे सुरू झाले आणि असा घोंगावण्याचा आवाज उठला की जिन्यातल्या माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येईना. आत काका यंत्रापाशी उभे. ते त्यांनी लांब नळीने स्वयंपाकघरात आणून ठेवलं होतं. चहापत्तीचा डबा बाजूला केलेला, आणि भोकाच्या तोंडाशी दोऱ्याला टांगलेलं कबुतराचं पीस. काकू पाटावर बसून मटार सोलत होती.

काकांनी बटण फिरवलं. आकडा चढला आणि पन्नासवर आला. तेवढ्यात पीस भोकात ओढलं गेलं. पलीकडे थोरल्यांनी बटण जास्त फिरवलं होतं. इकडचा आकडाही डळमळला. पीस परत आणायला काकांनी वाढवला, तर ते उलटं फिरून त्यांच्या नाकाशी आलं, म्हणजे आता इकडचाच जास्त झाला. तिकडून पुन्हा जोर आला, पीस पुन्हा आत. दोघं भाऊ मुकाट्याने बटणं फिरवत होते आणि पीस बिचारं सासर-माहेर करत होतं.

पलीकडून वहिनीचा आवाज आला, "अगं, धाकट्यांना सांग, हे म्हणतायत जरा कमी करा." काकूने सांगेपर्यंत आकडा कुठच्या कुठे गेलेला. "ताई, दादांना सांगा, आता वाढवा." तोवर तिकडे उलटंच. असं दोनतीनदा झालं. बाहेरून मॅडमनी कापडावर थाप मारली, म्हणजे वेळ चाललाय.

काकूने हातातली शेंग खाली ठेवली. भोकाकडे तोंड करून म्हणाली, "ताई, आपण गप्प बसू. आजवर पुष्कळ बोललो." पलीकडून वहिनी म्हणाली, "मीही तेच म्हणणार होते." आणि त्या भोकात, ते बोलायला लागल्यापासून पहिल्यांदाच, दोन्ही जावा घरात असताना शांतता पसरली.

पीस हेलकावत होतं. काकांनी घसा साफ केला. भोकाजवळ तोंड नेलं.

"दादा."

पंखे घोंगावत होते.

"दादा, तुझा आकडा किती?"

"छप्पन," पलीकडून आवाज आला. जाड झाला होता आवाज, पण तोच. लहानपणी सायकलच्या मागे धावत, सोडू का, सोडू का, असं विचारणारा.

"हळूहळू उतरव. मी बावन्नवर आहे, मी पण उतरतो."

"चोपन्न."

"अजून."

"बावन्न. घाई करू नकोस, तुझं नेहमीचंच आहे."

"मी कुठे घाई करतोय? एक्कावन्न."

"एक्कावन्न. थांब. हं, पन्नास."

"पन्नास," काका म्हणाले.

पीस एकदा थरथरलं आणि सरळ खाली लोंबकळत राहिलं. ना इकडे, ना तिकडे. त्याच्यापलीकडे, भोकाच्या गोलात, काकांना एक डोळा दिसला आणि पांढरी भुवई. दोघंही बटण न हलवता, श्वास रोखून उभे राहिले. बाहेर मॅडमनी दोन्ही पंख्यांचे आकडे टिपून घेतले, मग जिन्यात आरडाओरडा झाला. पंख्यांचा आवाज असूनही तो आत ऐकू आला, म्हणजे केवढा असेल. सगळ्यात मोठा आवाज शिंपीणबाईचा होता.

पंखे बंद झाले. एकदम सगळं शांत झालं, आणि आता बोलायला निमित्त उरलं नव्हतं. काका बटणावरचा हात काढेनात.

पलीकडून थोरले म्हणाले, "ते ठिगळ आपल्या भांडणानंतर दुसऱ्याच आठवड्यात निघालं होतं."

"कुठलं?"

"वेड पांघरू नकोस. त्या परक्याचं. भर रस्त्यात निघालं. दीड कोस स्कूटर ढकलत आलो, पण तुझ्याकडे आणली नाही."

काकूने मटाराच्या टोपलीत डोकं खुपसलं. तिचे खांदे हलत होते. पलीकडे वहिनीला तर खुलेआम हसू फुटलं होतं.

काकांनी विचारलं, "मग कुणाकडून केलंस?"

"नवीनच ट्यूब टाकली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही परत." मग थोरले म्हणाले, "स्कूटर खालीच आहे. मागच्या चाकात हवा कमी वाटते. बघतोस का जरा?"

काका जिन्यातल्या गर्दीतून वाट काढत खाली गेले. कुणी पाठ थोपटली, शिंपीणबाईने खांद्याला टेप लावून मापही घेतलं, ते थांबले नाहीत. तिरक्या जागेतून पंप ओढून बाहेर काढला. थोरले मागून उतरले आणि स्कूटरला हात टेकून उभे राहिले.

काकांनी मागच्या चाकावर अंगठा दाबला. चाक दगडासारखं टणक होतं. त्यांनी एकदा भावाकडे बघितलं. थोरले जोरजोरात खाकरत रस्त्याकडे बघत होते.

"कमीच आहे," काका म्हणाले. मग मांडी घालून खाली बसले, वॉल्व्ह काढून सगळी हवा सोडून दिली, आणि पहिल्यापासून भरायला लागले.